जिभेला न लागणारे मीठ

मूत्रपिंडे कमजोर झालेल्या माणसाला डॉक्टर मीठ कमी करावयास सांगतात, तेव्हा घरची मंडळी आमटी-भाजीतले मीठ कमी करतात आणि आपले काम झाले असे समजतात. मधल्या वेळच्या खाण्याकडे मात्र कोणी पाहत नाही. आम्हा सुरतकरांचे सारे पथ्य तिथेच मोडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

खमणच घ्या. रविवारी मिस्सा आटोपली की कितीतरी घरी त्याचा पुडा येतो. ते गोडसर लागते, म्हणून त्याला कोणी खारट म्हणत नाही. पण ते फुगते खाण्याच्या सोड्यावर, आणि सोड्यातही मिठातलेच सोडियम असते. चहाच्या एका चमच्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढालाही दिवसाकाठी २००० मिलिग्रॅमच्या आत राहण्यास सांगते. चमचाभर सोडा एकट्याच्या बशीत येत नाही हे खरे. परंतु पिठात मीठ वेगळे असतेच आणि वर शेवही पडते. गाठिया, फाफडा, पापड यांतला पापडखार त्याच जातीचा. मग पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो, आणि डायलिसिसवरचा रुग्ण, ज्याला पाणीही मोजून प्यायचे असते, तो तहानेने तळमळतो. त्यात "एकच घ्या" म्हणून पाहुण्याच्या बशीत आणखी दोन तुकडे वाढण्याची आपली रीत! नको म्हणणाऱ्याला रागावू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आम्हा शेतकऱ्यांची आणखी एक समजूत आहे: बाजारचे वाईट, घरचे चांगले. केळी आपल्या बागेतली, शहाळे आपल्या माडाचे, मग बाधेल कसे? दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकीनाशी झाली की ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. प्रत्येक रुग्णाला हे पथ्य लागतेच असे नाही. रक्ताच्या तपासणीचा कागद दाखवून डॉक्टरांना विचारावे. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते, तेव्हा त्यांना विचारल्यावाचून ते घरात आणू नये.

कमरखाला मात्र विचारणेही नको. पाच धारांचे हे आंबट फळ मुले तिखटमीठ लावून खातात, त्यांना काही होत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्याने न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येतात. मृत्यूही घडले आहेत. त्यातले मेंदूला बाधणारे द्रव्य ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ साली शोधून काढले. झाड तोडा असे मी म्हणत नाही, फळ त्या ताटात जाऊ देऊ नका.

मग खावे काय? ज्वारीची बिनमिठाची धाणी घरीच तेलाच्या थेंबावर परतून, वर कांदा-लिंबू. कुरमुरे करताना तांदळाला बहुधा मीठ लावलेले असते, म्हणून ते विचारून घ्यावेत. सफरचंद, पेर, अननसाची फोड, हंगामात मूठभर जांभळे. मधुमेह असेल तर फळाचे माप आणखी कमी. थंडीत तापीकाठी अडाजणला पोंक मिळतो. नुसता पोंक मूठभर खाण्यास बहुतेकांना हरकत नसावी. त्याच्याबरोबर येणारी लिंबू-मरीची शेव आणि मीठ घातलेली छास तेवढी बाजूच्या माणसाला द्यावी.