बिनसहीची इनिटरॅमएफएस

‘डिस्क एन्क्रिप्ट केली आहे, सिक्युअर बूटही चालू आहे, आता भीती कसली?’ लिनक्स वापरणारे जाणकारही असे छातीठोकपणे सांगतात. हा भरवसा चुकीचा आहे. फर्मवेअर शिम या पहिल्या बूटलोडरची सही तपासते, शिम ग्रब या मुख्य बूटलोडरची, पुढे कर्नलचीही तपासली जाते; आणि साखळी तिथेच तुटते. मूळ फाइलसिस्टिम हाती येण्याआधी चालणारी इनिटरॅमएफएस उबुंटू, डेबियन, फेडोराच्या नेहमीच्या मांडणीत कोणीच तपासत नाही. ती ज्याच्या त्याच्या संगणकावर बांधली जाते, म्हणून डिस्ट्रोची सही तिच्यावर नसते. आणि डिस्कचा पासवर्ड विचारते तीच! एन्क्रिप्ट न केलेल्या बूट विभागातली ही फाइल बदलली, की पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड चोराच्याच हाती देता. जोआना रुत्कोव्स्का यांनी ‘ईव्हिल मेड’ हा याच जातीचा हल्ला २००९ मध्ये ट्रूक्रिप्टवर करून दाखवला होता. २०१६ मध्ये तर क्रिप्टसेटअप या डिस्क उघडणाऱ्या साधनाच्या स्क्रिप्टमधली चूक उघड झाली: एंटर सुमारे ७० सेकंद दाबून धरले की इनिटरॅमएफएसमधला रूट शेल उघडायचा. डिस्क बंदच राहायची, पण बूट विभाग मोकळा मिळायचा.

‘मग ती टाकूनच द्या, सगळे ड्रायव्हर कर्नलमध्ये बांधा,’ असे दुसरा पक्ष म्हणतो. साध्या डिस्कवर ते जमते. पण लक्स या लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीचे हेडर वाचून पासवर्डावरून किल्ली काढणे कर्नल स्वतः करत नाही. त्यासाठी आधी कोणता तरी प्रोग्रॅम चालावाच लागतो. तो कोणाच्या सहीने चालतो, हा खरा प्रश्न.

उत्तर तयार आहे. कर्नल, इनिटरॅमएफएस आणि कमांडलाइन एकाच ईएफआय फाइलमध्ये बांधून तिच्यावर एकच सही करायची: युनिफाइड कर्नल इमेज. लेनार्ट पॉटरिंग यांनी २०२२ मध्ये याची सविस्तर मांडणी केली. टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये डिस्कची किल्ली ठेवणाऱ्यांनी ती केवळ पीसीआर ७ या चिपमधल्या मोजणी-नोंदीला बांधू नये. तिथे सिक्युअर बूटची स्थिती मोजली जाते, इनिटरॅमएफएसचा मजकूर नव्हे. तो या इमेजमध्ये पीसीआर ११ मध्ये मोजला जातो.

‘सही म्हणजे मायक्रोसॉफ्टची ताबेदारी’ हा आक्षेपही टिकत नाही. बहुतेक पीसींच्या फर्मवेअरमध्ये स्वतःच्या किल्ल्या नोंदवता येतात, एसबीसीटीएल हे साधन ते काम सोपे करते. मात्र हा खटाटोप एकेकट्या वापरकर्त्यावर सोडणे अन्यायाचे आहे. एन्क्रिप्शनचा पर्याय देणाऱ्या प्रत्येक डिस्ट्रोने सही केलेली इमेज इन्स्टॉलरमध्ये आपणहून द्यावी.