सुरकुत्या पुसू नका, कोरूही नका

नारळी पौर्णिमा झाली, रापण सुरू झाली की दांडी किनाऱ्यापासून तारकर्ली-देवबागपर्यंत मासे कमी आणि कॅमेरे जास्त. येऊ देत, कोणाला बंदी नाही. माझंही पोट कॅमेऱ्यावरच आहे. पण रापण ओढणाऱ्या माणसाचा, बाजारात मासे विकणाऱ्या बाईचा बेसावध टिपलेला चेहरा घरी नेऊन लोक त्याचं जे करतात ना, त्यावर बोलायलाच हवं.

यात दोन टोळ्या आहेत. पहिली गुळगुळीतवाली. ब्युटी फिल्टर मारला, कातडी मेणासारखी, रंग दोन शेड उजळ. हॉटेलच्या जाहिराती, वाढदिवसाचे बॅनर, अगदी श्रद्धांजलीचे बोर्डसुद्धा. आमच्या वाडीत अशाच एका बोर्डासमोर नातू विचारत होता, "ही खयची आजी?" गोरं करणाऱ्या क्रीमवाल्यांनीसुद्धा २०२० साली नावातला 'फेअर' काढला. बॅनरवाल्यांना अजून पत्ता नाही!

दुसरी टोळी स्वतःला कलावंत म्हणवते, आणि माझा खरा राग हिच्यावर आहे. क्लॅरिटीचा स्लायडर शेवटपर्यंत ओढायचा, सुरकुत्यांच्या घळी करायच्या, रंग काढून फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा, हातातला मोबाईल क्रॉप करायचा. मघाशी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालून हसत असलेली बाई पाच मिनिटांत 'कष्टाचं प्रतीक' होते. स्पर्धेत नंबर येतो. हासुद्धा मेकअपच झाला की, फक्त उलट्या बाजूचा.

"मग एडिट करूच नये का?" असं विचारणारे येतीलच. करा ना. भर दुपारी तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूवर कॅमेऱ्याचं मीटर चकाकीला फसतं, एक्स्पोजर कमी करतं आणि सावळा चेहरा कोळसा होतो. तिथे सावल्या उचलणं म्हणजे माणूस होता तसा परत आणणं. व्हाइट बॅलन्स नीट करा, तिरकं क्षितिज सरळ करा. चेहऱ्यावर आज उठलेली पुटकुळी मीही काढतो. तीळ, व्रण, उन्हाने रापलेला रंग यांना हात लावत नाही. आणि मागे पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या फोटोतून पुसणाऱ्यांनो, त्या किनाऱ्यावरून उचला की!

हा वाद काही आजचा नाही. डोरोथिया लँगचा १९३६ चा 'मायग्रंट मदर' फोटो जगाला माहीत आहे. त्यात कोपऱ्यात दिसणारा एक अंगठा तिने नंतर निगेटिव्हमधून रिटच करून काढायला लावला. अंगठाच तो, तोही कोपऱ्यातला. तरी तिचा वरिष्ठ रॉय स्ट्रायकर नाराज झाला. आपण अख्खं थोबाड बदलतो आणि वर हॅशटॅग लावतो 'कॅन्डिड'.

किती एडिट पुरे, हे ठरवायला सोपी जागा आहे: ज्याचा फोटो, त्याला आधी दाखवा. बाजारातल्या एका मावशीला कोणीतरी काढलेला तिचाच, बक्षीस मिळालेला फोटो मी दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "थोबाड माझाच आसा. पण इतक्या दुखात मी कधी होतंय रे?"

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनो, यंदा फोटोसोबत मूळ फाईलही मागा. बघूया किती जण देतात.