चार हात जमीन



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणीही झाली. पाऊस ओसरलाय, सकाळी गवतावर दहिवर पडायला लागलंय. आज स्वयंपाकघराबद्दल लिहीत नाही, मंदिराच्या वाटेबद्दल लिहिते. त्यात माझी एक चूकही सांगायची आहे.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण सावकाश. गावाबाहेरचं मंदिर आमच्या घरापासून जेमतेम एक किलोमीटर. मी एकटी असले की बारा मिनिटांत पोचते. हातातलं घड्याळ पावलं मोजत असतं आणि दहा हजारांचा आकडा गाठायची घाई असते. आईंबरोबर तीच वाट चाळीस मिनिटांची झाली. खरं सांगते, पहिले दोन दिवस माझी चिडचिडच झाली.

तिसऱ्या दिवशी आईंनी माझा दंड धरला. "थांब गं, पाय नको टाकूस." खाली बघते तर मुंग्यांची रांग रस्ता ओलांडत होती. प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी पांढरं. आम्ही दोघी बाजूला उभ्या राहिलो, आणि उभं राहिल्यामुळेच मला रस्त्याकडेचा केना दिसला. केन्याची भाजी मी लहानपणी खाल्लीये, पण त्याचं फूल कधी नीट पाहिलं नव्हतं. नखाएवढं, निळंशार, दोन मोठ्या पाकळ्यांचं. सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटूनही जातं. इतकी वर्षं रोज त्याच्या शेजारून गेले असेन!

मग रोज काहीतरी सापडायला लागलं. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. दोन काड्यांमध्ये विणलेलं कोळ्याचं जाळं, त्यावर दवाचे थेंब. बांधावर जांभळा तेरडा. माझी लेक सुट्टीच्या दिवशी बरोबर आली, तर तेरड्याच्या फुगलेल्या शेंगेला बोट लावायला धावली. हात लावला की ती फट्कन फुटून बिया उडतात ना, आपण सगळ्यांनीच केलंय ते. आजी म्हणाली, "पिकली की तिची ती फुटेल. आपण बघत उभं राहू." लेक चक्क पाच मिनिटं बसून राहिली. शेंग काही फुटली नाही, पण तेवढ्यात तिला पानाखाली झोपलेलं फुलपाखरू दिसलं. पाठशाळेत तिने मुंगी त्रींद्रिय, फुलपाखरू चतुरिंद्रिय असं पाठ केलंय. त्या दिवशी ते तिच्या डोळ्यांसमोर होतं.

ईर्यासमिती आपण सगळ्या ऐकत आलोय. महाराज चार हात जमीन पाहून चालतात. मी आजवर ती साधूंची गोष्ट म्हणून बाजूला ठेवली होती. घरात मी पाणी गाळते, धान्य निवडते, दिवस मावळायच्या आत जेवण उरकते. पण उंबरठा ओलांडला की नजर मोबाइलवर आणि पाय कुठेही. माझी जीवदया स्वयंपाकघरापुरतीच होती. तुमचं काय, तुम्ही सांगा.

आता चूक. गेल्या वर्षी पर्वाच्या आधी मंदिराच्या वाटेवर "फार जंगल माजलंय, तणनाशक मारून घ्या" असं महिला मंडळात सुचवणारी मीच होते. फवारणी झाली. आठवड्यात दोन्ही कडा करपून पिवळ्या पडल्या. वाट स्वच्छ दिसली म्हणून मला समाधानही वाटलं होतं. यंदा आईंबरोबर चालताना कळलं की मी काय मारायला सांगितलं होतं.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. त्यांतला एक प्रमादचर्या, म्हणजे गरज नसताना जमीन खणणं, पाणी वाया घालवणं, झाडंझुडपं तोडणं. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, हे मान्य. पण मंदिराच्या वाटेच्या कडा जाळण्याची गरज काय होती?

मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "साप निघतात, म्हाताऱ्या माणसांना दिसत नाहीत." बरोबर आहे. म्हणून माझं म्हणणं इतकंच: चालायची वाट मोकळी ठेवूया, तेवढ्यापुरतं गवत बघून, हाताने काढून घेऊया. कडेचं मात्र दिवाळीपर्यंत राहू द्या. तोवर बिया पडतील, गवत आपोआप वाळेल. विषाचा पंप नको.

दुसऱ्या एकीने विचारलं, "फुलं बघत बसणं हासुद्धा रागच ना? डोळ्यांचा विषय." या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. तोडून वेणीत माळावंसं वाटलं, तर तो राग. पण केन्याचं फूल बघून माझा पाय थांबला, हात मागे आला. शिवाय ते दुपारी मिटतं. नीलांजना नाचता नाचता नाहीशी झाली आणि आदिनाथांना वैराग्य झालं, ही कथा आपण पाळण्यापासून ऐकतो. माझी तेवढी योग्यता नाही. पण अनित्य भावना पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या मिटलेल्या फुलापाशी मला जरा जास्त कळली.

मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. फवारणीचा विषय मीच आणला होता, आता मीच मागे घेणार आहे. तुमच्याही गावात मंदिराची अशी वाट असेल. एकदा घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाबरोबर तिथून जा. घड्याळ घरी ठेवा.

माझ्या पायाखाली आजवर जे जे आलं, त्या सगळ्या जीवांना खमामि. क्षमावाणीत त्यांची नावं घ्यायची राहिली होती.

जय जिनेंद्र.