पेटंटवर नसलेले नाव

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या शेनान्डोआ खोऱ्यात सायरस मॅकॉर्मिकचे जपून ठेवलेले घर पाहिले. मन रमले ते मात्र आवारातल्या ओंडक्यांच्या लोहारशाळेत. बापाने वर्षानुवर्षे खटपट करून सोडून दिलेले कापणीयंत्र २२ वर्षांच्या मुलाने १८३१ साली इथे उभे केले. पुढे ते त्याने शेतकऱ्यांना हप्त्यांवर विकले, हे आठवून माझ्यातला जुना बँक अधिकारी सुखावला. पण यंत्र घडवताना जोडीला राबलेला जो अँडरसन त्या घरचा गुलाम होता. १८३४ च्या पेटंटवर नाव एकट्या सायरसचे. जन्मभर मी कागदांवरच्या सह्या तपासल्या. ही एक राहूनच गेलेली! आणि आपण तरी? आजोबांच्या शेतावर राबलेल्या सालगड्याचे नाव आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे? आज वडीलधाऱ्यांना विचारून पाहा.