कलिंगडाचा मुहूर्त पाऊस काढतो

कलिंगड उन्हाळ्यात खायचे असते, लावायचे नसते. इतकी साधी गोष्ट आज पुन्हा सांगावी लागते. बियांच्या पाकिटावर 'उन्हाळी पीक' असे वाचून मार्चअखेरीस बी टोचणारे पुष्कळजण भेटतात आणि जून महिन्यात फळ पाणचट निघाले की बियाण्याला बोल लावतात.

थंड देशांतली बागकामाची पुस्तके सांगतात, हिम पडायचे थांबले की वेल लावा. तिथला शत्रू थंडी. आपला शत्रू पाऊस. फळ पिकत असताना सर आली तर ते तडकते, गोडी उतरते, पानांवर रोग येतो. म्हणून आपण दिवस पावसापासून मागे मोजायचे. बी पेरल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण 80 ते 95 दिवस लागतात. गोव्यात भातकापणी आटोपली की नोव्हेंबर-डिसेंबरात शेतातच कलिंगडे लावायची रीत याच हिशेबाची. किनाऱ्यावरच्या रात्री तेव्हाही उबदार असतात.

पण हीच तारीख चोर्ल्याचा घाट चढून वर जात नाही! शहापूरचेच घ्या. लग्नाच्या साड्यांमुळे आपणां गोवेकरांना ते परके नाही. 1948 पर्यंत सांगली संस्थानात असलेले हे गाव आज बेळगाव शहराचाच भाग आहे. उंची सुमारे अडीच हजार फूट. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 14-15 अंशांवर येतो. कलिंगडाच्या बीला माती हवी 25 ते 30 अंशांची. गार, ओल्या मातीत ते कुजते. आणि इकडे एप्रिलपासून वळवाची टांगती तलवार. म्हणजे गोव्याची तारीख धरली तर थंडी मारते आणि मार्चपर्यंत थांबले तर वळीव.

मग शहापूरच्या परसात लावायचे कधी? माझे उत्तर : संक्रांत झाली की. पानांच्या द्रोणात माती-शेणखत भरून प्रत्येकी दोन बिया घालाव्यात. दिवसा द्रोण उन्हात, रात्री घरात. दोन-तीन खरी पाने फुटली की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात द्रोणासकट जमिनीत. वेलाची मुळे हलवलेली त्याला खपत नाहीत. एप्रिलच्या मध्यावर फळ हाताशी येते. देठाजवळचा तणावा सुकला, जमिनीला टेकलेला भाग पिवळसर झाला की काढावे. त्याआधी आठवडाभर पाणी कमी करावे.

चिबडाचा मुहूर्त मात्र उलटा. तो पावसाचाच वेल. कोकण-गोव्यात मृगाच्या सुमारास, पाणी साचणार नाही अशा उतारावर लावला तर चवथीच्या माटोळीला घरचा चिबूड टांगता येतो.

गंमत पाहा, संक्रांत आणि मृग दोन्ही सूर्यावर चालतात. तिथ्यांप्रमाणे मागेपुढे सरकत नाहीत. सण चंद्राचे, पण पेरणी सूर्याची, ही समज आपल्या घरांतल्या बायकांना कुठलेही पुस्तक न वाचता होती. परसू त्यांच्याच हाती होते ना!

पर्र्याच्या कलिंगडांची गोष्ट मनोहर पर्रीकर सांगत. आधीचा शेतकरी उत्तम फळे पोरांना फुकट खाऊ घाली, अट एकच : बी चावायचे नाही. त्या बिया तो पुढच्या पेरणीला ठेवी. पुढच्या पिढीने मोठी फळे बाजारात धाडली, पोरांना लहान दिली आणि वर्षागणिक फळच लहान होत गेले. तारखांचेही तसेच आहे. आज कलिंगड बाराही महिने बाजारात मिळते, त्यामुळे घरची तारीख कुणाला लागत नाही. जी लागत नाही ती विसरते. आणि ती विसरली की जपलेले बीसुद्धा अवेळी पडून वाया जाते.

म्हणून बियांच्या पुरचुंडीत एक चिठ्ठी घाला. कधी पेरले, कधी फुलले, पहिला वळीव कधी आला. तीन-चार वर्षांत तुमच्या परसाचे स्वतःचे पंचांग तयार होईल. शहापूरचे वेगळे, पर्र्याचे वेगळे. तसेच असायला हवे.