अपात्रतेचा शिक्का

आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाच्या २००६ च्या निर्णयात आहे. त्यातील ३० हजार तातडीने हाती पडावेत, ७० हजार ठेवीत राहावेत, अशी रचना. कोणाला द्यायचे, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरविते. सातबारा कुटुंबाच्या नावे हवा. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे हवे. त्याच्या वसुलीचा तगादाही सिद्ध व्हावा. मग बटाईने जमीन कसणाऱ्याने सातबारा आणावा कोठून? कोऱ्या कागदावर अंगठा घेणारा सावकार परवाना दाखवील काय? नापिकी तीच, देणे तेच. पण कागद नाही म्हणून विधवेच्या प्रकरणावर ‘अपात्र’ हा शिक्का उमटतो.

तो शिक्का निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळविणे, हे माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रशासनाचे कर्तव्यच आहे. चौकशी अहवाल आणि समितीचे इतिवृत्त मागता येते. ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. कारण समजले की पुराव्यानिशी फेरविचाराची मागणी करता येते. त्यानंतर उरते उच्च न्यायालय. परंतु तेराव्याचा खर्चही उसनवारीने भागविणाऱ्या बाईने नागपूर खंडपीठाची पायरी चढावी, ही अपेक्षाच निष्ठुर! तिला समक्ष ऐकून घेतल्याखेरीज समितीने एकही प्रकरण अपात्र ठरवू नये. आणि तोवर, गावातील एखाद्या कार्यकर्त्याने तिचा अर्ज लिहून द्यावा, तहसील कचेरीत तिच्या सोबत जावे.