पहिल्याच दिवशी पाचशे बैठका?

२०२५ च्या फेब्रुवारीच्या प्रारंभी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ यांनी महाराष्ट्र केसरीची गदा उंचावली. त्याच दिवशी पंचांच्या निर्णयावर संतापलेल्या एका मल्लाने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. बळ कमावणे आणि ते आवरणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, याचा प्रत्यय एकाच संध्याकाळी आला. तो विषय वेगळा. येथे विचार करावयाचा आहे तो गदा पाहून घरी परतणाऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शड्डू ठोकून उठणाऱ्या पोराचा.

हा पोर पहिल्याच दिवशी पाचशे बैठका काढू पाहतो. जुन्या मल्लांच्या हजार-हजार जोरांच्या कथा त्याने ऐकलेल्या असतात. त्या हजारापर्यंत पोहोचायला लागलेली वर्षे कथेत सांगितलेली नसतात. अंगाला सवय नसताना असा अतिरेक केला, तर मांडीचे स्नायू अक्षरशः फुटतात आणि त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडावर घाला घालतात. व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे. परंतु लघवी काळ्या चहासारखी झाली, पाय सुजून ताठ झाले, तर हळद-तेल चोळत न बसता तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. वैद्यकास हा विकार चांगला परिचित आहे आणि त्याचे भक्ष्य बहुधा उत्साही नवशिकेच ठरतात.

मग आरंभ किती करावा? लाज वाटेल इतका थोडा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. बैठका, जोर, दोराला वा बीमला लोंबकळून अंग वर ओढणे आणि काहीतरी वजन जमिनीवरून नीट उचलून चालणे, एवढ्या चार गोष्टींत सारे शरीर येते. प्रत्येकीच्या दोन-तीन फेऱ्या, फेरीत आठ ते बारा आवर्तने, आणि अजून दोन-तीन सहज निघतील असे वाटत असतानाच थांबणे. बारा सहज निघू लागली की मगच किंचित भार वाढवावा. जिममध्ये जाणाऱ्याने प्रथम मोकळी दांडीच उचलावी. ती एकटीच बहुधा वीस किलोंची असते. श्वास कोंडून जोर करू नये, आणि रक्तदाब वा हृदयविकार असलेल्याने वैद्यांना विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

पहिले काही आठवडे दंड फुगत नाहीत, पण बळ मात्र वाढते. कारण त्या काळात शिकत असतात त्या मज्जातंतू. असलेल्याच स्नायूंना एकजुटीने कामाला कसे लावावे हे मेंदू शिकत असतो. आरशापुढे उभे राहून निराश होणारा नवशिका नेमका याच टप्प्यावर व्यायाम सोडतो, किंवा डब्यातील भुकटीच्या आणि त्याहून वाईट गोष्टींच्या नादी लागतो.

त्या वाईट गोष्टींविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. नगर ही सैन्याची भूमी. चिलखती दलाचे केंद्र येथे, यांत्रिकी पायदळाचे केंद्रही येथेच. पहाटे धावणारी भरतीची मुले हे जिल्ह्यातील नित्याचे दृश्य. सैन्यभरतीत बीमवर दहा वेळा अंग ओढले की चाळीस गुण. पोलीस भरतीत पुरुषांना ७.२६ किलोंचा गोळा फेकावा लागतो. गुणांसाठी उतावीळ झालेल्या अशा मुलांना मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन टोचून देणारे महाभाग राज्यात निपजले आहेत आणि पोलिसांनी ठिकठिकाणी त्यांच्यावर कारवायाही केल्या आहेत. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचे हे औषध. त्याने बळ येत नाही. थकवा जाणवेनासा होतो आणि काळजाचे ठोके बेफाम होतात. घोडा दमला आहे हे स्वारास कळूच नये, असा हा प्रकार! जाहिरात निघाल्यावर सहा आठवड्यांत देह घडवू पाहणाऱ्यालाच हा मोह होतो. वर्षभर आधी आरंभ केलेल्यास त्याची गरजच भासत नाही.

खुराकाबाबतही भ्रम दोन्हीकडचे आहेत. तालमीतील बदाम-तुपाचा मारा दिवसभर माती उकरणाऱ्या मल्लाला पचतो. खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनाच्या पोटावर तो दिसतो. उलट बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हुलग्याचे माडगे, मूठभर शेंगदाणे आणि दोन पेले दूध यांतून सामान्य नवशिक्याची प्रथिनांची गरज बऱ्याच अंशी भागते. मांसाहारी घरात अंडी आहेतच. दुधाच्या या जिल्ह्यात सारे दूध डेअरीत घालून मुलांच्या हाती चहा देण्याची जी रीत पडली आहे, ती मात्र आधी मोडावयास हवी.

देशी की विदेशी, हा वाद यात आणण्याचे कारण नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आले, आणि जगाकडून घेण्यासारखे घ्यायलाही त्या संस्थेने संकोच केला नाही. तालमीची खरी थोरवी वस्तादाच्या नजरेत होती. पाठ वाकली, गुडघा आत गेला, की हाक यायची. आज आरसे चकचकीत आहेत; नवख्याची पाठ पाहणारे डोळे सर्वत्र आहेतच असे नाही. जिम निवडताना यंत्रे मोजण्याऐवजी हेच पाहावे.

तालमीचे एक उणे मात्र मान्य केले पाहिजे: तिथे बहुतांशी लेकीबाळींना प्रवेश नव्हता. अहिल्याबाईंचे नाव २०२४ मध्ये या जिल्ह्याने धारण केले. त्यांचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यातले. ज्या मातीत त्या जन्मल्या तेथील घराघरांत अजूनही मुलीने वजन उचलले तर ती पुरुषी दिसेल, अशी भीती बोलून दाखविली जाते. ही भीती निराधार आहे. स्त्रीच्या देहात स्नायू फुगविणारे संप्रेरक इतके अल्प असते की तसे सहसा घडत नाही. घडते ते हाडे बळकट होणे, आणि रजोनिवृत्तीनंतर ठिसूळ होणाऱ्या हाडांसाठी याहून मोठी पुंजी कोणती? मुलांची उंची खुंटते हाही असाच समज. जाणत्याच्या देखरेखीखाली, बेताने केलेल्या व्यायामाने ती खुंटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस बलवर्धक व्यायाम सर्व प्रौढांना सांगितला आहे, आणि पासष्टीपुढील माणसे त्यातून वगळलेली नाहीत. घरातील आजीनेही आरंभ करावा. हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे, पहिल्या आठवड्यात पाच वेळा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी आणि नातवाने शेजारी उभे राहावे.